तांबड्या दगडाचं शुद्धिपत्र

प्रकाशनाच्या मागच्या खोलीत, कागदांच्या गठ्ठ्यांआड बावीस वर्षं मुद्रितं तपासत बसलेल्या त्या बाईला पाठीमागे सगळे 'काकदृष्टी' म्हणत. तोंडावर 'बाई'. तिला हे ठाऊक होतं. म्हणणाऱ्यांपैकी एकालाही ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, हेही ठाऊक होतं.

तिच्या टेबलावर इतिहास, प्रवास, श्रद्धा आणि परंपरा अशा सगळ्या विषयांची पुस्तकं यायची. इतिहासवाले चाळिसाव्या पानावर मेलेल्या राजाला साठाव्या पानावर लढाईला धाडत. श्रद्धावाले प्रत्येक वाक्यापुढे तीन-तीन उद्गारचिन्हं ठोकत, जणू देव बहिरा आहे. पण तिच्या मनातून पार उतरले होते ते प्रवासवाले, आणि त्यांतही एकजण, ज्याला ती मनातल्या मनात 'टोपीवाला' म्हणे. हा गृहस्थ डोंगरात दोन दिवस जायचा आणि साडेतीनशे पानं घेऊन उतरायचा. त्याला प्रत्येक म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांत संस्कृती दिसे. म्हातारा 'पाणी हवंय का' विचारत असे, ते मात्र ऐकू येत नसे.

त्याच्या नव्या पुस्तकाची मुद्रितं आली. सातव्या प्रकरणातला फोटो बघून तिचं पेन थांबलं. खिंडीतल्या वळणावरचा मोठा तांबडा दगड, त्यात तीन भोकं. खाली लिहिलं होतं, 'पर्वतवासीयांचा आद्य देव'. तांबडा रंग म्हणजे शतकानुशतकांच्या बळींच्या रक्ताची आठवण. भोकं भक्तांच्या बोटांनी झिजून पडलेली. आणि शेजारी उभा 'या लोपत चाललेल्या पंथाचा शेवटचा पुजारी, ज्याच्या डोळ्यांत युगांचं धुकं साठलं आहे'.

पुजारी म्हणजे तिचे वडील. रस्ता खात्यात मुकादम म्हणून उभा जन्म काढलेले नाना. डोळ्यांत धुकंबिकं काही नव्हतं, मोतीबिंदू होता, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की नाना तीन वर्षं विषय बदलत होते.

रविवारी ती पहिल्या बसने खिंडीखालच्या घरी गेली आणि नानांना ते प्रकरण वाचून दाखवलं. ते चिडतील असं तिला वाटलं होतं. नाना मिशीतल्या मिशीत हसत होते.

"पुजारी म्हणाला होय मला? बरं लिहितो की!"

"नाना, हसताय काय? तो दगड तुम्ही बसवलात. मी सातवीत होते, डबा घेऊन आले होते तेव्हा."

"बसवला ना. भोकं सुरुंगाची. रंग पिंपात उरला होता तो फासला, गाडीवाल्यांना लांबून दिसावा म्हणून. सगळं सांगितलं मी त्याला." मग नानांचं हसू ओसरलं. "ते दोघं गेले, ते लिहिलंय का त्यानं?"

"कोण दोघं?"

"माझ्या टोळीतले. तू लहान होतीस, तुला सांगितलं नव्हतं. त्या वळणावर ट्रक उलटा घेताना दरीत गेला, दोघं खाली सापडले. म्हणून तर दगड बसवला. हे सांगताना मला रडू आलं, त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. लिहिलंच असेल. बघ जरा पुढे."

तिने पुढची पानं चाळली, मागची चाळली. त्या दोघांबद्दल अवाक्षर नव्हतं. पुजाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं खरं, पण ते 'देवाच्या नुसत्या उच्चाराने'.

परतीच्या बसमध्ये तिला टोपीवाल्याची किळस आली, आणि मग स्वतःचीही. बावीस वर्षं आपण थापांचे काने-मात्रे सरळ करत आलो. थाप शुद्ध लिहिली की खरी वाटते, ही सगळी आपलीच करणी.

मालकाला सांगून बघितलं. मालक म्हणाला, "बाई, दगडाचं प्रकरण म्हणजे पुस्तकाचा जीव आहे. त्याला हात लावू नका."

तिने हात लावला नाही. पुस्तक छापून झाल्यावर नेहमीप्रमाणे शुद्धिपत्राची चिठ्ठी तिनेच तयार केली आणि बाइंडरकडे पाठवून दिली. प्रकाशनात कोणी वाचली नाही. शुद्धिपत्र वाचतं कोण? चिठ्ठीत होतं:

'पान १४२. "आद्य देव" ऐवजी "रस्ता खात्याचा दगड" असे वाचावे. "बळींचे रक्त" ऐवजी "उरलेला रंग". "भक्तांच्या बोटांनी" ऐवजी "सुरुंगासाठी". "पुजारी" ऐवजी "निवृत्त मुकादम". "युगांचं धुकं" ऐवजी "मोतीबिंदू". पुढील वाक्य नजरचुकीने गळले आहे: या वळणावर दोन मजूर मेले, म्हणून हा दगड बसवला.'

महिनाभर सगळं शांत होतं. मग एका वाचनालयात टोपीवाल्याचं व्याख्यान झालं. ती मागच्या रांगेत बसली होती. एका निवृत्त शिक्षिकेने उभं राहून ती चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि विचारलं, "यातलं खरं काय?"

टोपीवाला क्षणभर पांढरा पडला. मग गोड हसला. "हीच तर गंमत आहे! हे लोक आपला देव परक्याला सांगत नाहीत. खोदून विचारा, म्हणतील, खात्याचा दगड आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शिक्षिकासुद्धा मान डोलवत खाली बसली. असल्या लोकांसाठी आपण डोळे फोडून घेतले, असं वाटून मागच्या रांगेतून ती उठली आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवशी मालकाने बोलावलं. "हे काय केलंत, बाई?"

"चूक होती, दुरुस्त केली."

"तुमचं काम शुद्धलेखनाचं. खरं-खोटं तुमच्याकडे नाही."

"मग कोणाकडे आहे?"

मालकाने वर बघितलं, जणू ते खातं वरच्या मजल्यावर होतं. मग म्हणाला, "उद्यापासून तुम्ही श्रद्धेची पुस्तकं बघा." तिला काढून टाकायची त्याची हिंमत नव्हती, इतक्या चुका दुसऱ्या कोणाला दिसल्या नसत्या. दुसरी आवृत्ती चिठ्ठीशिवाय निघाली आणि धडाक्यात खपली.

त्यानंतरचं नानांनी फोनवर सांगितलं. पुस्तक वाचून लोक खिंडीत यायला लागले. नेमके त्याच वळणावर गाड्या लावायचे, दगडाच्या भोकांत बोटं घालून फोटो काढायचे. नाना काठी आपटत ओरडायचे, "गाड्या हलवा, मराल!" तर लोक हात जोडून त्यांचेच फोटो काढायचे. आधी पुजारी म्हटल्यावर खूश झालेले नाना आता त्या शब्दाने पेटून उठत.

पुढच्या रविवारी ती पांढरा रंग आणि कुंचला घेऊन गेली. लवकर, गाड्या यायच्या आत. नाना वळणाच्या तोंडाशी काठी घेऊन पहाऱ्याला उभे राहिले. तिने दगडावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'इथे थांबू नका. या वळणावर दोन माणसं मेली.' मग नानांना त्या दोघांची नावं विचारली. नानांनी क्षणभरही न अडखळता बापाच्या नावांसकट सांगितली.

"दुसऱ्याच्या नावातला उकार ऱ्हस्व काढ," ते म्हणाले.

"दीर्घ असतो तो, नाना."

"असेल. तो हजेरीच्या वहीत ऱ्हस्वच काढायचा."

तिने ऱ्हस्व काढला. रंग वाळायच्या आतच पहिली गाडी आली, हळू झाली. आतल्या बाईने काच खाली करून वाचलं, ड्रायव्हरला काहीतरी म्हणाली, आणि गाडी न थांबता पुढे गेली. दुसरी मात्र थांबली. नाना काठी उचलून त्या गाडीकडे निघाले.