दारावर ‘महिला’, आत शाली

दादानं मला फसवलं. दादा म्हणजे आमचा मालक. बीडमधला कापूस-सोयाबीनचा मोठा व्यापारी, गावाकडं शेतीवाडी, राजकारणात ऊठबस. आणि मी त्याच्या ऑफिसात बसून मालाच्या गाड्या ठरवणारी बाई. ट्रकवाल्यांशी भाड्यावरून भांडणं हे माझं काम. मला फसवणं सोपं नाही. तरी त्यानं फसवलं. शब्द देऊन फसवलं.

एका दुपारी मी त्याच्या केबिनमध्ये गेले. आत सिरसाळ्याचे दोन व्यापारी चहा घेत बसले होते. मी दाराशीच उभी राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “दादा, बाथरूमची किल्ली पायजे होती.”

“बापूकडं हाय.”

बापू म्हणजे त्याचा ड्रायव्हर. “बापू गाडी घेऊन परळीला गेलेत.”

“मग येऊ दे की. जीव चाललाय का?”

मी हलले नाही. तेव्हा तो पाहुण्यांकडं वळला. “बगा, ट्रकवाल्यांना घाम फोडती ही बाई. आन मुतायला माजी परवानगी मागती!”

ते दोघं हसले. इतके हसले, की एकाच्या बशीतला चहा सदऱ्यावर सांडला. दादाच्या खुर्चीमागंच त्याचं स्वतःचं बाथरूम होतं. दार अर्धवट उघडं. आतल्या नळाखाली भरलेली बादली मला दिसत होती.

मी जागेवर येऊन बसले. पायावर पाय दाबून. लगेच एका ट्रकवाल्याचा फोन आला. मी त्याच्याशी भाड्यावरून भांडले, त्याला खाली आणलं. आवाज कापू दिला नाही.

आता तो शब्द कसा मिळाला, तो सौदा सांगते.

आमचं जुनं ऑफिस मोंढ्यातल्या धान्यबाजारात होतं. तिथं सगळ्यांना मिळून एकच संडास. हमाल, ड्रायव्हर, गिऱ्हाईक, सगळे तिथंच जायचे. आतून कडी नव्हती. आत गेलं, की एका हातानं दार ओढून धरायचं. दादा नवी इमारत बांधायला लागला, तेव्हाच सिरसाळ्याच्या एका आडत्याचं मला नोकरीसाठी बोलावणं आलं होतं. दादाला ते कळलं. त्यानं बोलावून घेतलं आणि मॅनेजरसमोर विचारलं, “काय पायजे ते सांग. जाऊ नको.”

मी म्हणाले, “नव्या ऑफिसात बायकांचं वेगळं बाथरूम. आतून कडी, उजेड, पाणी.”

“पगाराचं बोल की.”

“पगाराचं मागून बोलू. आधी हे.”

“एवढंच? दिला शब्द. मर्दाचा शब्द हाय.”

सिरसाळ्याला मी ‘नाही’ म्हणून कळवून टाकलं. आपण मोठा सौदा मारला, असं मला वाटलं होतं.

बाथरूम झालं. निळ्या फरशा, दारावर पितळी पाटी: महिला. पहिल्या दिवशी मी उगाचच दोनदा जाऊन आले. आतून कडी लावायची आणि नुसतं उभं राहायचं. कोणी हाका मारत नाही, कोणी दार ढकलत नाही. टेबलावर पाण्याची बाटली ठेवायला लागले. हिशेब बघणारी रुक्साना पण ठेवायला लागली. ऑफिसात आम्ही दोघीच बायका. दुपारी डबा खाऊन आम्ही पोटभर पाणी प्यायचो. हे कौतुकानं सांगण्यासारखं वाटत नाही ना? ज्याला कधी अडलं नाही, त्याला नाहीच वाटणार.

मग दादाचा वाढदिवस आला.

आमच्याकडं ज्याला पुढारी व्हायचंय त्याच्या घरात शालींचा ढीग लागतो. ह्यानं त्याचा सत्कार करायचा, त्यानं ह्याचा. आलेली शाल घडीसुद्धा न मोडता पुढच्याच्या खांद्यावर जाते. दादाकडं शाली आल्या, फेटे आले, काचेच्या पेटीतली स्मृतिचिन्हं आली. चौकाचौकांत लावलेले त्याचे फ्लेक्स उतरवून आणले, तेही आले. एवढं ठेवायचं कुठं? मॅनेजर म्हणाला, “ताई, दोन दिसांपुरतं तुमच्या बाथरूममदी ठिवू.”

दोन दिवसांचे किती दिवस झाले, मी मोजलं नाही. शाली कमी होतात म्हणून दाराला कुलूप लागलं. किल्ली बापूच्या खिशात गेली. ‘महिला’ पाटी तशीच. एकदा बापूनं दार उघडलं तेव्हा आत डोकावले. भांड्यावर खोकी रचलेली. भिंतीला टेकवून दादाचा फ्लेक्स, त्याच्याहून उंच, हात जोडून हसणारा.

मी मॅनेजरला बोलले. बापूवर ओरडले. दादाकडं गेले, तर म्हणाला, “इलेक्शन होऊ दे.” कुठलं इलेक्शन? आमच्याकडं एक संपतं तोवर दुसरं येतं.

पुरुषांच्या संडासात हमाल-ड्रायव्हरांची रीघ असायची. रुक्साना शेजारच्या घरी जायला लागली. तिथली बाई आधी चांगली वागली. मग एक दिवस उंबऱ्यातूनच म्हणाली, “रोजरोज काय? आमचं घर काय यष्टी स्टँड हाय का?” रुक्साना परत आली. डोळे कोरडे, चेहरा लाल. बसली आणि बाटलीतलं पाणी खिडकीतून झाडाला ओतलं.

मीही पाणी सोडलं. सकाळी अर्धा कप चहा, मग संध्याकाळी घरी जाईपर्यंत काही नाही. लघवीला आग व्हायला लागली. मग ताप. मग ओटीपोटात असं दुखायचं, की गाडीवाल्याशी बोलताना टेबलाची कड धरून बसायचे. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि चिडून विचारलं, “पाणी प्यायला काय होतं तुम्हाला?”

मी म्हणाले, “वेळ मिळत नाही.”

खोटं बोलले मी. मालकाची अब्रू राखायला. दुखणं माझं, आणि लाज वाटली त्याच्यासाठी. तिथंच, डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या बसल्या, मला स्वतःचा भयंकर राग आला.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. आई शिरूर कासारला असते. तिनं अर्धं आयुष्य उसाच्या फडात काढलं. तरणीताठी असतानाच तिची गर्भपिशवी काढली. महिन्याचं दुखणं आलं की खाडा पडायचा, आणि मुकादमाला खाडा चालत नव्हता. मी तिला दुखण्याचं सांगितलं. ती मायेनं म्हणाली, “पानी कमी पीत जा, बाय. म्हंजी जावंच लागत न्हाई. फडात आमी तसंच करायचो.”

मी फोन ठेवून दिला.

फड सुटावा म्हणून मी शिकले. डोक्यावर पंखा, बुडाखाली खुर्ची, समोर कॉम्प्युटर. नातेवाइकांत माझं नाव निघतं, पोरगी ऑफिसात हाय. आणि आई मला फडातली युक्ती देत होती. वाईट हे, की ती लागू पडत होती. मी आधीच तेच करत होते. कोणी न शिकवता. मला वाटत होतं मी फडातून बाहेर पडले. कुठली बाहेर पडले?

महिला दिन आला. दादानं ऑफिसच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. खुर्च्या, माईक, फोटोग्राफर, गल्लीतल्या बायका, वॉर्डातल्या बायका. बापूनं ‘महिला’ पाटीच्या दाराचं कुलूप काढलं आणि शालींचा गठ्ठा बाहेर काढला. रुक्साना तिथंच उभी होती.

“भाऊ, आता उघडलंच हाय, तर दोन मिनटं जाऊन येते.”

“पाय ठिवायला जागा न्हाई आत. कार्यक्रम झाल्यावर बगू.”

कुलूप परत लागलं. खटका मला माझ्या जागेवर ऐकू आला.

मग माझं नाव पुकारलं. दादा माईकवर म्हणाला, “आमच्या ऑफिसची वाघीण! नारीशक्तीचा सन्मान झालाच पायजे!” टाळ्या वाजल्या. त्यानं शाल उलगडली. शालीला कोंदट ओलसर वास येत होता. बाथरूमचा वास. त्यानं ती माझ्या खांद्याकडं आणली आणि मी त्याचं मनगट धरलं. फोटोग्राफरनं नेमका तेव्हाच फोटो काढला.

मी माईक घेतला. “दादा, ही शाल आमच्या बाथरूममदून आलीय. मला शाल नको. किल्ली द्या.”

तो कॅमेऱ्याकडं बघून हसतच होता. ओठांच्या कडेनं म्हणाला, “मागून बोलू. खाली बस.”

“मागून न्हाई. मला लघवीला जायचंय. सकाळपासून धरून बसलेय.”

पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला. मग मागून एक म्हातारी ओरडली, “अरं, दे की किल्ली! बाईमानूस धरून बसलंय, तुमाला काईच कसं वाटंना?”

बापूनं किल्ली दिली. मी दार उघडलं आणि सगळं बाहेर ओढलं. खोकी, फेटे, काचेच्या पेट्या, फ्लेक्स. कोणी मदतीला आलं नाही, पण अडवलंही नाही. फ्लेक्सवरचा दादा जोडल्या हातांनी पॅसेजमध्ये आडवा पडला. आधी रुक्साना आत गेली. मी दाराशी उभी राहिले, कोणाची हिंमत होते बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला नवं कुलूप होतं. आधीच्यापेक्षा मोठं.

मॅनेजर खाली मान घालून म्हणाला, “ताई, दादा म्हनले आधी माफी मागा.”

“कशाची?”

“भर कार्यक्रमात तुमी... असलं बोललात.”

“असलं म्हंजे कसलं?”

तो टेबलावरचे कागद सारखे करायला लागला.

मी उठले आणि सरळ दादाच्या केबिनमध्ये गेले. तीन माणसं बसली होती. दार वाजवलं नाही, नमस्कार केला नाही. त्याच्या खुर्चीमागून गेले, त्याच्या बाथरूममध्ये शिरले आणि आतून कडी लावली. बाहेर आले तेव्हा चहा तसाच पडून होता.

“ही काय पद्धत झाली?” दादा म्हणाला.

“तिकडचं कुलूप निघत न्हाई तवर हीच पद्धत.”

दुपारी रुक्साना त्याच बाथरूममध्ये गेली. जाताना माझ्याकडं बघून गेली, पण गेली. तेव्हापासून आम्ही रोज जातो. कलेक्टर बसलेला असो, आमदार बसलेला असो. सिरसाळ्याचं बोलावणं परत आलं, मी नाही म्हणाले. मी सोडून गेले, तर माझ्या जागी येणारी पोरगी पहिल्याच दिवसापासून पाणी सोडेल. राजीनामा देणार नाही. माफी मागणार नाही. पाणी पिणं सोडणार नाही.

मला आता एकच गोष्ट पाहिजे. नवं कुलूप कोणी लावलं, हे मी बापूला विचारलं. तो म्हणाला, मॅनेजरनं आणायला लावलं. मॅनेजर म्हणाला, दादांनी सांगितलं. आणि दादा म्हणतो, असल्या बारीक गोष्टी मला ठाऊक नसतात.

बारीक गोष्ट हाय ना, दादा? मग उत्तर द्यायला अवघड काहून जातंय? कुलूप कोणाच्या हुकमानं लागलं? बापूला पुढं करू नका, मॅनेजरला पुढं करू नका. त्या दारासमोर उभं राहून, सगळ्या बायकांच्या देखत, तुमच्या तोंडानं सांगा.