जात्यावर बसवलेली बाई

"चष्मा काढा मावशी. त्या काळात खेड्यातल्या बाईला कुठला आलाय चष्मा?"

मॅडम असं म्हणाल्या आणि मी काढला. मनगटातलं घड्याळ पण काढलं. मॅडम म्हणजे कल्याणच्या त्या छोट्या म्युझियमच्या मुख्य. जुन्या बंगल्याचा तळमजला. तलवारी, समया, कुणाकुणाच्या वाडवडिलांची तांब्याची भांडी. मी तिथे ठेकेदाराकडून झाडू-पोछा करायचे. नवऱ्याची कंपनी बंद पडली, पुढे तोही गेला. मग मोहन्याहून रिक्षा धरून रोज ड्युटीला.

त्या दिवशी डोंबिवलीच्या एका शाळेची सहल यायची होती. मॅडमच्या डोक्यात आलं, मुलांना जातं नुसतं दाखवायचं नाही, दळून दाखवायचं. दळायला बाई कोण? मी. "तुमच्यात अजून नऊवारी नेसतात ना?" म्हणाल्या. मी माझ्या लग्नात पण नऊवारी नेसलेली नाही. पण त्यांनी कुठून तरी लुगडं आणलेलं, डांबरगोळ्यांचा वास मारणारं. नेसले. काय करणार, पोटाचा प्रश्न.

मुलं आली. मी खुंटा धरून जातं फिरवायला लागले. मॅडम मुलांना सांगत होत्या की ह्या बायका अडाणी असायच्या, पण किती सुखी असायच्या. मी दहावी पास आहे. त्यांना माहीत नव्हतं, कधी विचारलंच नव्हतं. शाळेच्या टीचर मोबाइलवर शूटिंग करत होत्या. एका पोराने माझ्या खांद्याला बोट लावून बघितलं, बाई खरी आहे की पुतळा. सगळे हसले. मी पण हसले. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, पण तेव्हा हसले.

मग मॅडम म्हणाल्या, ओवी म्हणा.

मला एकच ओवी येते. आईची. मुरबाडकडचं आमचं गाव, गावाबाहेर आमची वस्ती. पहाटे आई नाचणी दळायची आणि मी तिच्या मांडीवर डोकं टेकून पडलेली असायचे. आजूबाजूच्या बायका देवाच्या ओव्या म्हणायच्या. आईने देव केव्हाच सोडलेले. तिने स्वतः जुळवलेली,

पहिली माझी ओवी गं, लेकीच्या पाटीला
जातं सुटू दे हाताचं, अक्षर येऊ दे बोटाला

एवढंच मागायची बिचारी. हाताला घट्टे पडलेले. त्याच हाताने मला ओढत शाळेत न्यायची. माझा दहावीचा निकाल बघायला ती राहिली नाही.

मी तीच ओवी म्हटली. दुसऱ्या ओळीला मॅडमनी थांबवलं. आवाज एकदम गोड. "मावशी, ही तुमच्यातली नको. आपली पारंपरिक म्हणा ना एखादी."

तुमच्यातली. आपली.

हात जागच्या जागी थांबला माझा. हे जातं ज्या मोठ्या घरून म्युझियमला आलेलं, त्या घरच्या ओट्याला आईला शिवू दिलं नसतं कोणी. तेव्हा आमचा विटाळ. आता त्याच जात्यावर बसायला आमच्यातलीच बाई पाहिजे, तोंड मात्र ह्यांच्या मर्जीचं. आणि आईने जे माझ्या हातून सुटावं म्हणून जीव टाकला, ते मी मुकाट धरून बसलेले. डोळे भरून आले. पदराने पुसले नाहीत, पदर माझा नव्हता.

उठले. मुलांना म्हटलं, "बाळांनो, ही ओवी माझ्या आईने केलेली आहे. तिला लिहिता येत नव्हतं. मला येतं. आणि ती सुखी नव्हती."

मॅडम टीचरकडे बघून कसनुसं हसल्या. मी आतल्या खोलीत गेले, लुगडं सोडलं, माझा ड्रेस घातला आणि घरी आले.

संध्याकाळी ठेकेदाराचा फोन. उद्यापासून येऊ नका, कंप्लेंट आहे. माझा पोरगा चिडला. कशाला नडायचं मोठ्या लोकांना, आई? त्याचंही खरं. घर तो एकटाच कसं ओढणार? त्या रात्री मी खूप रडले. नोकरीसाठी वाटलं असेल त्याला. मी आईसाठी रडत होते. तिची ओवी कोणी पहिल्यांदा भरल्या खोलीत बसून ऐकत होतं, आणि तीही अर्ध्यात तोडली.

रविवारी मी म्युझियमला गेले. तिकीट काढून. वॉचमन ओळखीचा, नजर चुकवायला लागला. जात्यापुढे एक बाई लेकीला घेऊन उभी होती. ती लेक विचारत होती, हे काय असतं. मी सांगितलं. कोण दळायचं, कोणाला ओट्यावर घेत नव्हते, सगळं. मग ओवी म्हटली, दोन्ही ओळी. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. मी थांबले नाही.

येत्या रविवारी परत जाणार आहे. त्याच्या पुढच्या पण. मला गप्प करायचं असेल तर मॅडमना सगळ्यांसमोर माझ्या दंडाला धरून बाहेर काढावं लागेल. मी माझ्या पायाने निघणार नाही.