तड्यातला हिरवा रंग

भिंगकाकांची आणि माझी ओळख चौदा वर्षांची, पण खरे सांगायचे तर ती त्यांच्या गुडघ्यांच्या वर फारशी गेली नाही. ते शिडीवर चढत आणि मी खाली शिडी धरून उभा राही. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर कायम त्यांचे बूट, पायमोजे आणि पँटची दुमडलेली कड. उजव्या बुटाची नाडी ते दोनदा बांधत, एवढे मी शपथेवर सांगू शकतो. बाकी त्यांचे शिक्षण किती, घरात कोण कोण, यातले मला काही ठाऊक नव्हते. त्यांना एक मुलगी आहे हेसुद्धा ती एकदा त्यांना न्यायला आली तेव्हा कळले. परवा तिचाच फोन आला. "बाबा गेले. तुम्ही इतकी वर्षं त्यांच्यासोबत होतात, चार ओळी लिहून द्याल का?" मी हो म्हणून बसलो. आता दोन दिवस झाले, कागदावर खाडाखोडच जास्त आहे. माझे अक्षर विमानाच्या शेपटीवरचे आकडे रंगवण्यापुरते बरे.

मी रंगारी. विमान चालवायला शिकवणाऱ्या एका शाळेत मी नोकरी केली. शाळा म्हणजे एक धावपट्टी, पत्र्याचा एक हँगर आणि त्यात दाटीवाटीने उभी केलेली दोन-चार आसनांची विमाने. काका तपासनीस होते. प्रत्येक विमानासाठी वर्षातून दोनदा येत आणि त्याच्या सांगाड्याला कुठे तडा गेलाय का ते बघत. ही तपासणी सक्तीची. त्यांची सही झाल्याशिवाय विमान हँगरच्या दाराबाहेर ढकलायचीही सोय नव्हती.

पंख जिथे विमानाच्या अंगाला जोडलेला असतो तिथे धातूचा एक जाड तुकडा असतो, माझ्या तळहाताएवढा. सगळा भार त्याच्यावर. प्रत्येक उड्डाणात तो कणभर वाकतो, कणभर सरळ होतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसेच हेही. पण तुटण्याआधी तडा जातो, आणि सुरुवातीला तो केसाहून बारीक असतो. तो केस शोधणे हे काकांचे काम. गळ्यात दोरीला अडकवलेले भिंग, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा आरसा आणि एक टॉर्च, एवढाच त्यांचा संसार.

शाळेचे प्रमुख, त्यांना आम्ही सगळे कॅप्टन म्हणत असू, काकांची थट्टा करायचे. "काका बिस्किटालाही भिंग लावून मगच खातात." काका शांतपणे बिस्कीट चहात बुडवत. "बिस्किटाला तडा गेला तर चहात पडतं, कॅप्टन. तुमचं कुठे पडेल ते बघायला मी येतो."

आणि एवढे असून काकांना उंचीची भीती वाटे. शिडी पाच पायऱ्यांची. तिसऱ्या पायरीवर त्यांचे गुडघे थरथरायला लागत. दुसऱ्या कोणाला ते कळले नसेल, पण माझे नाक तिथेच होते. एकदा मी धीर करून विचारले, "साहेब, विमानात कधी बसलात का हो?"

"बसलोय ना," वरून आवाज आला. "डोळे मिटून."

शिडीच्या एका पायाचे रबर झिजले होते. चढण्याआधी ते न चुकता विचारत, "रंगराव, शिडीचं रबर बदललं का?" रंगराव हे माझे त्यांनी ठेवलेले नाव. मी म्हणे, "उद्या बदलतो." ते म्हणत, "मग धरा घट्ट." माझा तो उद्या काही उजाडत नव्हता.

वर गेल्यावर ते आधी फडक्याने जागा पुसत. मग टॉर्च समोरून न मारता अगदी आडवी धरत. समोरचा उजेड तडा झाकून टाकतो, आडव्या उजेडात त्याची सावली पडते, असे त्यांनीच मला एकदा सांगितले होते. आणि मग त्यांचे पाय हलायचे थांबत. गुडघे थरथरायचे थांबत. पाय स्थिर झाले की मी समजायचो, बघणे सुरू झाले. त्या वेळी माणूस घाबरायचेही विसरून जातो, हे मी तिथे खाली उभा राहून शिकलो.

काकांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक सरकारी पत्र आले. लांब कुठेतरी आमच्याकडे होती तसल्याच विमानाचा पंख हवेत निखळला होता. आत दोन माणसे होती. पत्रात हुकूम होता की ठरावीक तासांपेक्षा जास्त उडालेल्या अशा प्रत्येक विमानाच्या पंखाच्या जोडावरचा रंग खरवडून लाल द्रवाने तपासणी करावी, तोपर्यंत विमान उडवू नये. आधीच्या वर्षीपर्यंत नुसत्या भिंगाने बघणे पुरत असे. आमच्याकडे त्या हुकुमात बसणारे एकच विमान होते, पांढरे, सगळ्यांत जुने. त्याच आठवड्यात एक विद्यार्थिनी त्यातून पहिल्यांदा एकटीने उडणार होती. पत्र आले आणि तिची तारीख पुढे गेली. बिचारी तोंड पाडून घरी गेली.

मी जोडावरचा रंग काढून दिला. काकांनी ब्रशने लाल द्रव लावला, पंधरा मिनिटे घड्याळ लावून बसले, मग धातू लख्ख पुसून वर पांढरी भुकटी फवारली. तडा असेल तर आत मुरलेला लाल रंग भुकटीवर उमटतो. मी शिडी धरून होतो. त्यांचे पाय थांबले. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. मग उजवी टाच हळूच पायरीवर टेकली.

"आहे," ते म्हणाले.

कॅप्टन धावत आले. काकांनी भुकटी पुसली आणि पुन्हा भिंग लावले. मग म्हणाले, "रंगराव, वर या."

"शिडी कोण धरणार?"

"कॅप्टन धरतील."

आम्ही दोघे त्या शिडीवर कसे मावलो देव जाणे. त्यांनी भिंग गळ्यातून काढून माझ्या हातात दिले. चौदा वर्षांत ते भिंग त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हातात दिलेले मी पाहिले नव्हते. मी डोळा लावला. नुसत्या डोळ्याला जिथे गुळगुळीत धातू दिसत होता, तिथे उन्हाळ्यात आटलेल्या ओढ्यासारखी एक वाट गेली होती. तिला काठ होते, वळणे होती. सुरुवातीच्या थोड्या भागात बारीक हिरवा धागा भरलेला होता. पुढे तो हिरवा संपत होता आणि लाल सुरू होत होता.

"हा हिरवा कधीचा?" काकांनी विचारले.

मला तेव्हाच सगळे समजले. पांढऱ्या रंगाखालच्या अस्तराला आम्ही नेहमी राखाडी रंग वापरत असू. हिरवा मी एकदाच वापरला होता, मागच्या वर्षाच्या अखेरीस, राखाडी संपला म्हणून, आणि कुठे नोंदही केली नव्हती. काका भिंगाने तपासून, सही करून गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी जुना रंग काढून मी तो लावला होता. तो तड्यात उतरला होता, याचा अर्थ तडा माझ्या रंगाच्या आधीचा होता. काकांनी बघितले तेव्हा तो तिथे होता, आणि त्यांना दिसला नव्हता. जगात हे सांगू शकणारा माणूस मी एकटा होतो.

"आठवत नाही," मी म्हणालो.

खालून कॅप्टन म्हणाले, "अहो, रंगाचं काय घेऊन बसलात काका? तडा सापडला, विमान उभं राहिलं, तुकडा बदलू. विषय संपला. चार महिन्यांनी तुम्ही निवृत्त होणार. निरोपाचं भाषण मी लिहूनसुद्धा ठेवलंय."

"कॅप्टन, शिडी हलतेय," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. इतक्या जवळून त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होतो. "रंगराव, तुम्हाला आठवतंय."

"साहेब, जाऊ द्या ना. कोणाला कळणारे?"

"मागच्या वर्षी मी अशी आणखी अकरा विमानं बघितली. याच डोळ्यांनी. ती कमी तास उडालेली, त्यांना हे पत्र लागू नाही. त्यांचा रंग कोणी खरवडणार नाही. इथे चुकलो असेन तर तिथेही चुकलो असेन. आत्ता या घटकेला त्यातली किती वर असतील, सांगा बघू."

मी नकळत वर पाहिले. वर हँगरचा पत्रा होता.

"मागच्या वर्षीचा," मी म्हणालो. "तुम्ही बघून गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी लावला. राखाडी संपला होता."

"खात्री?"

"रंगाची खात्री आहे, साहेब. बाकी मला काही कळत नाही."

ते खाली उतरले, रंगाच्या पालथ्या डब्यावर बसले आणि वही मांडीवर घेतली. काय लिहिले ते मी खांद्यावरून वाचले, अजून पाठ आहे. 'हा तडा मागील तपासणीच्या वेळी होता. तो माझ्या नजरेतून सुटला. मी तपासलेली खालील विमाने पुन्हा तपासली जाईपर्यंत उडवू नयेत.' खाली अकरा विमानांचे नंबर त्यांनी एकही कागद न उघडता लिहिले. मी स्वतः रंगवलेले नंबर मला संध्याकाळी आठवत नाहीत. मग सही केली. सही रोजच्यासारखीच, ना घाई, ना थरथर. थरथर ती शिडीवर.

कॅप्टन म्हणाले, "काका, हे पान फाडता येईल अजून."

"मग वही कशाला ठेवायची?" काका म्हणाले आणि कॅप्टनच्याच टेबलावरून एकेका धावपट्टीला फोन लावू लागले. एके ठिकाणी तिकडचा माणूस म्हणाला असावा की विमान बाहेर काढलेय, इंजिन चालू आहे. काका एवढेच म्हणाले, "परत आत घ्या. मी धरतो, तुम्ही जाऊन सांगून या." आणि फोन कानाला लावून उभे राहिले. चार-पाच मिनिटांनी तिकडून काहीतरी ऐकू आले, आणि त्यांनी यादीतल्या त्या नंबरावर खूण केली.

अकरापैकी दहा विमाने निर्दोष निघाली. अकराव्याला तडा सापडला, अगदी त्याच जागी. दुसऱ्या दिवशी त्यातून कोण उडणार होते मला माहीत नाही. त्यांनाही काकांचे नाव कधी कळले नसेल. सगळी हयात मी जुने डाग नव्या रंगाखाली झाकण्यात घालवली. त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला सांगायला बसलो, तर मला धड सांगताच येईना. ती म्हणाली, "अहो, मग त्यांचं पुढे काय होणार?" तेही मला सांगता आले नाही.

झाले ते असे. चौकशी बसली. डॉक्टरांना त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात सापडली. सही करण्याचा अधिकार काढून घेतला गेला. त्यांच्या जागी एक तरुण बाई आल्या, हुशार आणि तोंडाने फटकळ. निवृत्तीपर्यंतचे उरलेले महिने काका त्यांच्या हाताखाली आले. जागा पुसून द्यायची, टॉर्च धरायची. मला वाटले होते की माणूस मान खाली घालून वावरेल. तसे काही नाही. चहाला बिस्कीट तेच, बुटाची गाठ तीच. उलट मीच त्यांच्याकडे बघायला बिचकायचो.

त्यांच्या शेवटच्या दिवशी पांढरे विमान पुन्हा तपासणीला होते, नवा तुकडा बसवलेले. बाईंनी बघून सही केली आणि म्हणाल्या, "काका, एकदा तुम्हीही डोळा लावा. सहीसाठी नाही, माझ्यासाठी."

काकांनी गळ्यातले भिंग सारखे केले आणि शिडीजवळ आले.

"रंगराव, शिडीचं रबर बदललं का?"

"बदललं साहेब. आज सकाळीच."

ते वाकले. भिंग लावून चारही पाय एकेक करून बघितले. मग पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"बरं झालं," ते म्हणाले. "धरा तरी."