लेखावरचं तिसरं नाव

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी भोरजवळच्या उत्रोलीचा, माझा मित्र वेल्ह्याच्या वरच्या अंगाचा. पुण्यात विद्यापीठाच्या गणित विभागात आम्ही एकाच सरांच्या हाताखाली संशोधन करत होतो. परदेशातल्या एका विद्यापीठाबरोबर मिळून संगणकासाठी नवी भाषा तयार करायचं काम चाललं होतं. एरवी यंत्राला आकडे एकेक करून हाताळायला सांगावे लागत. या भाषेत आकड्यांचा अख्खा तक्ता एका ओळीत दुप्पट करता यायचा, दुसऱ्या तक्त्यात मिळवता यायचा. लिहायला सुटसुटीत, पण चालायला मंद. तिला वेग आणणं आमच्याकडे आलं होतं.

अडतंय कुठं हे त्यानं ओळखलं. एका दुपारी छिद्रं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा बाजूला सारून तो म्हणाला, "अरे, प्रत्येक क्रियेला यंत्र सगळा तक्ता पुन्हा तुडवतंय. आमची आई खाचरात एकदाच उतरते. तण काढते आणि त्याच फेरीत मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं लावते."

लागोपाठच्या क्रिया एकाच फेरीत कशा उरकायच्या, ती रीत त्यानं लिहून काढली. मी ती कार्डांवर उतरवली, चुका शोधल्या. काम फत्ते झालं.

पुढं त्याला कावीळ झाली. साधी वाटली, पण उतरेना. तो गावी गेला आणि इकडे लेख तयार झाला. सरांनी मला बोलावलं. "तो तर काम सोडून गेलाय. परदेशी विद्यापीठाला मी आपली दोनच नावं कळवली आहेत."

परदेशी जाण्यासाठी माझी शिफारस सरांच्याच हातात होती. मी "बरं" म्हणालो.

त्याला भेटायला एसटीनं वेल्ह्याला गेलो. तिथून त्याच्या वस्तीपर्यंत पायी. तो ओसरीवर घोंगडीवर पडला होता, डोळे हळदीसारखे.

"लेख गेला का?"

"गेला."

"माझं नाव नीट लिहिलंय ना? इंग्रजीत लोक चुकवतात."

"नीट आहे," मी म्हणालो.

तो हसला. त्यानंतर महिन्याच्या आत तो गेला.

नियतकालिक आलं तेव्हा मी ते घेऊन पुन्हा त्याच्या घरी गेलो. का गेलो, हे मला आजही धड सांगता येत नाही. वडिलांनी हात धोतराला पुसले आणि ते दोन्ही हातांत घेतलं.

"तुमी दोघांनी केलं न्हवं हे? त्याचं नाव कुठं हाय? दावा मला."

मी बोट ठेवलं. माझ्याच नावावर.

त्यांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग मुलीला हाक मारली. ती भोरला शिकून मॅट्रिक झालेली. "बघ गं, हितं लिवलंय दादाचं नाव."

तिनं वाचलं. माझ्याकडे बघितलं. मग वडिलांना म्हणाली, "व्हय बाबा. हितंच हाय."

आई आतून चहा घेऊन आली. तो मी कसा प्यालो कोण जाणे.

निघालो तेव्हा त्याची बहीण बांधापर्यंत आली. "बाबांना कळू द्यायचं न्हाई," ती म्हणाली. "पर त्यो शेवटपत्तोर तुमचंच नाव घेत व्हता. म्हनायचा, माझं समदं काम त्येनं निस्तरलं."

ती मागं वळून गेली.

मी परदेशी गेलो. तिकडच्या प्राध्यापकांना खरं काय ते सांगायला मला चार वर्षं लागली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तेव्हाच का नाही लिहिलंत?" त्यांनी नियतकालिकाला कळवलं आणि पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती छापून आली, त्याच्या नावासकट. तो अंक मी वेल्ह्याच्या पत्त्यावर पाठवला, सोबत त्याच्या बहिणीला पत्र. पोचला की नाही, कळलं नाही. उत्तर आलं नाही. आणि पुन्हा तिकडे जायचं धाडस मला झालं नाही.