घसासाहेबांचा इतिहास

शॉर्टवेव्ह रेडिओचं केंद्र बंद पडलं तेव्हा गावात कोणाचंच काही अडलं नाही. अडलं ते एकट्या घसासाहेबांचं. हे तिथले निवृत्त निवेदक. भर उन्हाळ्यातही गळ्याला मफलर आणि दर वाक्याआधी खाकरणं, त्यावरून पडलेलं हे नाव. खरं नाव त्यांच्या सासरवाडीलाही आठवत नसेल.

परदेशात गेलेल्या आपल्या माणसांसाठी यांनी तीस वर्षं कार्यक्रम सादर केले. म्हणजे केलं काय? गाण्याआधी गाण्याचं नाव सांगितलं आणि गाणं संपल्यावर पुन्हा तेच सांगितलं. पण तोरा असा, की गाणारा आपला उगाच मध्ये मध्ये येतोय! स्टुडिओ गावात होता आणि प्रक्षेपणाचे मनोरे डोंगरापलीकडे. तिकडे साहेब नोकरीभरात एकदाही फिरकले नाहीत. तिथल्या तंत्रज्ञांना ते ‘खांबावर चढणारी माणसं’ म्हणत. “आवाज माझा, तार तुमची,” असं तोंडावर ऐकवत, आणि वर हसत.

केंद्र बंद झाल्यावर यांना इतिहासाची उबळ आली. स्टुडिओच्या इमारतीचं गोदाम होणार म्हणताच दहा कचेऱ्यांचे उंबरे झिजवून दोन खोल्या पदरात पाडून घेतल्या आणि बाहेर पाटी लावली, ‘इतिहास दालन’. आत इतिहास कुठला? साहेबांची खुर्ची, साहेबांचा माइक, साहेबांचे दोन मफलर, आणि भिंतभर साहेबांचे फोटो. मनोऱ्यांचा फोटो एकच, तोही दाराआड. मनोऱ्यांवरच्या म्हाताऱ्या तंत्रज्ञानं प्रक्षेपण यंत्रातला, बरणीएवढा एक जुना काचेचा व्हॉल्व्ह जिवापाड जपून आणून दिला होता. साहेबांनी तो दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराला लावला.

परदेशातून आलेल्या श्रोत्यांच्या पत्रांचं पोतंही कोपऱ्यात पडलं होतं. त्याचं साहेबांना कौतुक नव्हतं. “घरची आठवण येणाऱ्या माणसाला कोणीही गोड लागतो,” ते म्हणत. त्यांना किंमत होती एकाच पावतीची, बायकोच्या. रोज कार्यक्रम आटोपून घरी आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, “कसा झाला?” आणि ती म्हणायची, “छान झाला. आवाज अगदी खणखणीत.” एवढ्यावर या माणसानं तीस वर्षं जगाला नाकानं कांदे सोलून दाखवले. म्हणून दालनात मानाची जागा तिच्या आठवणींना द्यायची होती. ‘केंद्राची पहिली श्रोती’ म्हणून तिचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचं. साहेबांचा सगळा जीव या एका गोष्टीत अडकला होता.

त्या संध्याकाळी गावकऱ्यांना आठवणी सांगायला बोलावलं. आले पंधरा-वीस जण, निम्मे चहासाठी. ध्वनिमुद्रणाचं यंत्र त्याच म्हाताऱ्या तंत्रज्ञाच्या हातात दिलं होतं, कारण साहेबांना बटणं दाबणं कमीपणाचं वाटे. बायको पुढच्या रांगेत मांडीवर पर्स घेऊन बसली होती. पण पहिला उठला तो शिंपी.

“काय सांगू महाराजा! दुपारी मी मशीन मारायचो आणि रेडिओवर साहेब! साहेबांच्या बातम्या ऐकल्याशिवाय काजं व्हायची नाहीत माझी.”

साहेबांचा पारा चढला. यांनी जन्मात कधी बातम्या वाचल्या नव्हत्या. बातम्यांना ते ‘हमाली’ म्हणत. त्यातून बायकोच्या आधी हा कोण उपटसुंभ? त्यांनी तंत्रज्ञाकडे वळून विचारलं, “काय हो, याच्या त्या डबड्यावर आपलं केंद्र लागणं शक्य होतं का?”

“छे,” तंत्रज्ञ म्हणाला. “गावात कोणाच्याच रेडिओवर लागायचं नाही. लहरी वर आभाळात जातात, तिथून उलटतात आणि थेट समुद्रापार उतरतात. मधलं गाव कोरडंच. हवं तर मनोऱ्यांवरच्या कोणालाही विचारा.”

‘कोणाच्याच’ म्हणजे कोणाकोणाच्या, एवढं साहेबांना कळलं असतं तर गप्प बसले असते. पण शिंप्याचं नाक कापायची संधी मिळाली आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. उभे राहिले, खाकरले आणि त्याच खणखणीत आवाजात म्हणाले, “ऐकलंत? या गावात जो कोणी म्हणेल की मी केंद्र ऐकलं, तो थापाड्या! शुद्ध थापाड्या! इतिहासात थापा चालणार नाहीत!”

कोणी हसलं नाही. एकेक मान हळूहळू पुढच्या रांगेकडे वळली. साहेबांची सगळ्यात शेवटी वळली.

“अगं,” ते म्हणाले, “तू तर रोज...”

“थापाडी म्हणा की,” बायको म्हणाली. “पहिल्या आठवड्यात खरं सांगितलं होतं हो मी, नुसती खरखर येते म्हणून. तर दोन दिवस जेवला नाहीत. मग नवा रेडिओ घेऊन आलात. त्याच्यावरही खरखरच! पुन्हा कोण सांगणार तुम्हाला? उपास तुमचा, जाच माझा.”

“पण आवाज बसला की तू ओळखायचीस!”

“सकाळी खोकत जायचात, त्यावरून.”

“म्हणजे तीस वर्षांत एकदाही...?”

“नाही ऐकला. आणि तुमचा आवाज ऐकायला मला रेडिओ कशाला हवा होता? घरात काय बंद असायचा?”

मागच्या बाजूला कोणीतरी फिस्सकन हसलं. घसासाहेब खुर्चीत बसले. स्वतःचीच खुर्ची, दालनातली, जिच्यावर बसायची सगळ्यांना मनाई होती. मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. त्या क्षणी तो माणूस खरंच केविलवाणा दिसत होता. दया यावी इतका. पण दया येऊ देतील तर ते घसासाहेब कसले!

“हे सगळं मुद्रित झालं?” त्यांनी तंत्रज्ञाला विचारलं.

“शब्द न् शब्द. ठेवू ना?”

“पुसा.”

“पण साहेब, या दोन खोल्यांत खरं एवढंच...”

“पुसा म्हटलं ना! आणि शिंप्याचं राहू द्या. फक्त बातम्या काढा, तिथं कार्यक्रम म्हणायला सांगा त्याला.”

तंत्रज्ञानं पुसलं. शिंप्यानं पुन्हा एकदा, आता आणखी तिखटमीठ लावून, कार्यक्रम ऐकला. मग साहेबांनी माइक स्वतः उचलून बायकोपुढे धरला.

“आता मी काय सांगू?” तिनं विचारलं.

“नेहमीचं,” घसासाहेब म्हणाले.

तिनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, पर्स बाजूला ठेवली आणि नेहमीचं सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यात जोरात वाजवल्या त्या शिंप्यानं.