साखरेची पुडी

तुम्ही कधी कुणाचा डबा रिकामा परत केलाय का? आमच्याकडे नाही करत. काही नसलं घरात, तर चिमूटभर साखर तरी घालतो. विचारायचं कारण आहे.

नगरमध्ये गेम कन्सोल दुरुस्तीला घेतात, अशा एका काउंटरवर मी नऊ वर्षं बसते. मशीन घ्यायचं, फॉर्म भरायचा, पुण्याला कंपनीकडे पाठवायचं, आलं की गिऱ्हाइकाला द्यायचं. मशिनं परत जातात. किस्से मात्र काउंटरवरच साचतात.

*

कर्जतचे एक आजोबा नातवाचा कन्सोल दुधाच्या क्रेटमध्ये घालून आले. मी फॉर्म पुढे ओढला. "काय बिघडलंय, बाबा?"

"ह्यो चांगला हाय. नातू बिघडलाय!"

"मग आम्ही काय दुरुस्त करू?"

"काईच करू नका. दहावी हुईस्तवर कंपनीत ठिवून घ्या!"

*

श्रीरामपूरच्या एका बाईंचा कन्सोल तापून बंद पडायचा. आमचा टेक्निशियन विलास म्हणाला, "वर काही झाकता का?"

बाईंनी पिशवीतून क्रोशाचा रुमाल काढला. कडेला मोर! "धूळ बसू नये म्हणून हो."

"ताई, त्याला हवा लागते."

बाई हिरमुसल्या. दारापर्यंत जाऊन वळल्या. "पाव्हणे आल्यावर तरी घालू का?"

*

मी हसले खरी, पण माझीही एक खोड होतीच. परत जाणाऱ्या प्रत्येक खोक्यात मी साखरेची कागदी पुडी ठेवायचे. विलास ओरडायचा, "काकू, कंपनीचं मशीन आहे, शेजारणीची वाटी नाही!"

"रिकामं कसं पाठवू रे?"

गिऱ्हाइकं खूश व्हायची. मला वाटायचं, आपण चांगलंच करतोय.

*

नागापूरच्या मंगलताईंच्या मालकांना अर्धांगवायू झाला होता. उजव्या हाताची बोटं हलती राहावीत म्हणून व्यायाम शिकवणाऱ्यानं सांगितलं, गेम खेळत जा. भाच्यानं कन्सोल दिला, तो दोन महिन्यांत बंद पडला. मी कंपनीला फोनवर फोन केले. शेवटी कंपनीनं नवीनच पाठवला.

मंगलताईंचे डोळे भरून आले. मी पुडी ठेवली आणि वर शहाणपणा केला, "आठ दिवसांवर पाडवा आहे. मुहूर्तावरच उघडा."

त्यांनी माझं ऐकलं. आठ दिवस खोकं तसंच कपाटात राहिलं.

पाडव्याला लावला, तो क्षणभर चालला आणि बंद! पुन्हा पुण्याला पाठवला. कंपनीचं उत्तर आलं : आत मुंग्या, वॉरंटीत बसत नाही.

मंगलताई म्हणाल्या, "आमचं घरच मुंग्यांचं, ताई. तुमी तरी काय करनार?"

मी कंपनीच्या उत्तराची घडी घालून त्यांच्या हातात दिली. विलास माझ्याकडे बघत होता.

त्या गेल्यावर मी कंपनीला लिहिलं, साखर आमच्याकडून गेली, गिऱ्हाइकाची चूक नाही. पुन्हा नकारच आला.

*

रविवारी शेंगदाण्याचे लाडू केले, स्टीलच्या डब्यात भरले आणि नागापूरला गेले. मालक खाटेवर बसले होते. समोर टीव्ही बंद. हातात रिमोट, तोही बंद, आणि ते एकेक बटण दाबत होते.

"बोटं चालली पायजेत ना," मंगलताई म्हणाल्या. "बसा, चहा ठिवते."

"चहा नको. आधी ऐका. मुंग्या तुमच्या घरच्या असतील, पण खोक्यात साखर मी ठेवली होती."

त्या उभ्याच राहिल्या. "आन् मुहूर्त बी तुमीच सांगितला."

"हो."

"तवा का न्हाई बोलल्या?"

मालकांची बटणं तेवढी वाजत होती, टक टक. मी डबा टेबलावर ठेवला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मंगलताई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि गेल्या. डबा स्वच्छ घासलेला होता, आणि रिकामा.