ताईसाठी बारा किलो

अजून दुपार व्हायची होती आणि हा माणूस चौथ्यांदा काट्यावर चढला होता. काटा किराणावाल्याचा, साखरेची पोती तोलायचा. बिघडला म्हणून याला दुरुस्तीला बोलावलेलं. काम आटपलं, मापं ठेवून आकडा तपासून झाला, तरी हा आपला प्लेटवर उभाच. सकाळी भंगारवाल्याच्या काट्यावर जेवढा भरला होता त्यापेक्षा इथे तीनशे ग्रॅम जास्त! मध्ये पोटात काय गेलं, तर बाटलीभर पाणी. पण हे त्याला सांगणार कोण?

"अहो काटेवाले, उतरा आता, पोती ताटकळलीत," किराणावाला हसत म्हणाला. हा उतरला, पण चेहरा असा की कुणी याचा खिसाच कापलाय.

सगळा बाजार त्याला काटेवाला म्हणूनच ओळखायचा. मोठ्या गोदामांपासून भाजीच्या गाड्यांपर्यंत सगळ्यांचे वजनकाटे त्याच्या हाताखालून जायचे. गिऱ्हाइकांना तो एकच गोष्ट घसा कोरडा होईपर्यंत सांगायचा, की आकडा नाचतोय तोवर वाचू नका, जरा दम धरा. स्वतःच्या बाबतीत मात्र दम धरणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

आणि धरणार तरी कसा हो? जीव टांगणीला लागलेला. त्याच्या ताईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीन दिवस ती हॉस्पिटलात डायलिसिसच्या मशीनला बांधलेली असायची. आई गेली तेव्हा हा शाळेतही जात नव्हता. ताईनेच याला न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, मार दिला, लग्न लावून दिलं. स्वतःचं लग्न मात्र राहूनच गेलं, आणि त्याबद्दल कुणी काही बोललं की ती विषय बदलायची. तिला किडनी द्यायला हा एका पायावर तयार होता. रक्त जुळलं, सगळं जुळलं, आडवं आलं ते पोट.

"बारा किलो उतरवा," डॉक्टर म्हणाले होते. "घाई नको. महिन्याला दोन किलो म्हणजे पुष्कळ झालं."

याने मनातल्या मनात हिशोब केला. सहा महिने? ताईला त्या मशीनवर आणखी सहा महिने ठेवायचं? छे! आपण दोन महिन्यांत उडवतो. घरी येऊन त्याने बायकोला फर्मान सोडलं की आजपासून माझं ताट मांडायचं नाही. बायको म्हणाली, "अहो, डॉक्टर तसं म्हणाले का?" पण ऐकतो कोण!

मग सुरू झाला एकेक वेडाचार. सकाळी नुसतं गरम पाणी, दुपारी काकडी, संध्याकाळी चिडचिड. पोटात कावळे ओरडायचे आणि हा गिऱ्हाइकांवर ओरडायचा. ज्या दुकानात जाईल तिथल्या काट्यावर चढायचा. दोनशे ग्रॅम उतरले की शीळ घालत निघायचा, शंभर चढले की दिवसभर कुणाशी धड बोलायचा नाही. एके दिवशी कांद्याच्या गोदामात काटा उघडून बसला होता, तो उठता उठता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि धाडकन पोत्यांवर आडवा. हमालांनी तोंडावर पाणी मारून शुद्धीवर आणला.

तपासण्यांचा कागद पाहून डॉक्टरांनी त्याला चांगलंच धारेवर धरलं. "असे उपाशी राहून आलात तर तुमच्याच किडन्या धोक्यात येतील. मग मी कुणाची कुणाला लावू?" आणि त्यांनी त्याला शेजारच्या खोलीत आहाराच्या बाईंकडे पाठवलं.

बाई वयाने लहान, पण खमक्या. "वजन आठवड्यातून एकदाच करायचं, सोमवारी सकाळी," त्या म्हणाल्या.

"मॅडम, माझा धंदाच काट्यांचा आहे."

"म्हणून तर सांगतेय. रोजचा आकडा पाण्याचा असतो, तुमचा नसतो. आता सांगा, दिवसाला चहा किती?"

त्याने खाली बघून सांगितलं, आठ-नऊ. दुकानागणिक चहा यायचा, सोबत बिस्किटं यायची, आणि नाही म्हटलं तर दुकानदाराचं तोंड वाकडं व्हायचं.

"एकदम बंद करू नका, टिकणार नाही. तीन ठेवा, दोन बिनसाखरेचे. अर्धं ताट भाजीचं. जवळची कामं चालत. रात्रीचं जेवण लवकर. एवढ्या चारच गोष्टी. जमलं की कॅलेंडरवर खूण करायची, नाही जमलं तर चौकट रिकामी सोडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. आठवड्यात पाच दिवस जमलं तरी मी खूश."

पाच दिवस? याला तो निव्वळ पोरखेळ वाटला. इथे ताईचा हात सुयांनी चाळण झालाय आणि या म्हणतात चौकटी रंगवा! पण दुसरा इलाज नव्हता. बायकोने स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलं आणि पेन दोरीने बांधून ठेवलं, कारण रागाच्या भरात हा पेन कुठेही भिरकावायचा.

पहिले काही आठवडे नाकी नऊ आले. काटा समोर असून चढायचं नाही, पाय नुसते शिवशिवायचे. एका सोमवारी आकडा तसूभरही हलला नव्हता, तेव्हा तो सगळं सोडायला निघाला होता. बायकोने कॅलेंडरकडे बोट दाखवलं. "खुणा आहेत ना? मग आकडा येईल मागून. गिऱ्हाइकांना काय सांगता तुम्ही?" हा पिशवी उचलून चालतच कामाला निघाला. हळूहळू बाजारालाही सवय झाली. किराणावाला स्वतःच ओरडायचा, "काटेवाल्यांचा बिनसाखरेचा!" स्कूटर घरी राहू लागली. पट्ट्याला नवं भोक पडलं, मग आणखी एक. मधला एक आठवडा पार वाया गेला, चौकटी कोऱ्या राहिल्या, पण सोमवारी हा पुन्हा चालत निघाला.

सहा महिन्यांनी बारा किलो उतरले. हा धावतच डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि म्हणाले, "छान. आता तीन महिने हे टिकवून दाखवा. मग तारीख ठरवू."

याच्या डोक्यात तिडीक गेली. आणखी तीन महिने? घरी येऊन त्याने भांडी आपटली, डॉक्टरांचा उद्धार केला. खुणा मात्र चुकवल्या नाहीत. रागाने करायचा, पण करायचा. हॉस्पिटलात ताईला भेटून आला की त्याला एका जागी बसवेना. ती दर आठवड्याला वाळत चालली होती, तोंडाची चव गेली होती, मशीनवरून उतरली की जिना चढायला दोघांचा आधार लागायचा. आणि इकडे हा धडधाकट, किडनी घेऊन तयार, नुसता दिवस ढकलत बसलेला!

दुसरा महिना संपता संपता ताईला मशीनवरच झटका आला. डॉक्टरांनी सावरलं, पण याचा बांध फुटला. परवानगी न घेता तो त्यांच्या खोलीत घुसला.

"तुमची सख्खी बहीण असती तर थांबला असता का हो? वजन उतरलंय, टिकलंय, आणखी काय माझं कातडं काढून देऊ?"

डॉक्टरांनी उठून दार लावलं. मग म्हणाले, "वजन उतरलं तेव्हाच माझी तयारी होती. थांबायचं तुमच्या ताईंनी ठरवलं. सांगू नका म्हणाल्या होत्या."

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो तडक वॉर्डात गेला. ताई पलंगावर होती, मशीन सुरू होतं.

"तू थांबवलंस?"

ताईने डोळे उघडले. "डॉक्टरांच्या पोटात काही राहत नाही वाटतं."

"का? अगं, का?"

"कारण मी तुला ओळखते. परीक्षा झाली की दप्तर माळ्यावर टाकणारा तू. ऑपरेशन झालं की पुन्हा आठ चहा आणि बिस्किटांचे पुडे. एका किडनीवर तुला अजून कितीतरी वर्षं काढायचीत. मला बघायचं होतं, वजन उतरल्यावरही खुणा करतोस का."

"आणि तोवर तुला काही झालं असतं तर?"

"झालं असतं तर तुझी किडनी तुझ्यापाशी राहिली असती," ताई म्हणाली. "तेही काही वाईट नव्हतं."

त्याला तिचा भयंकर राग आला. इतका की तिथल्या तिथे तिच्याशी जन्माचा अबोला धरावा. पण पलंगाच्या कडेवर डोकं टेकून हा एवढा मोठा माणूस हमसून हमसून रडू लागला, आणि ताई मोकळ्या हाताने त्याच्या केसांतून बोटं फिरवत राहिली.

"अहो, रडा खुशाल," शेजारच्या पलंगावरचे आजोबा म्हणाले, "पण जरा त्यांची नळी सांभाळा."